पीओपी सुरू होण्याआधी: टीव्ही आणि होम थिएटरच्या केबल्सची आखणी

गेल्या वर्षी नेरुळला माझ्या मावसभावाच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून सहज बघायला गेलो. हॉलच्या भिंतीत इलेक्ट्रिशियनने झिरी मारून ठेवली होती आणि तिच्यात २५ एमएमचा पाइप बसवत होता. वर टीव्ही, खाली युनिटमध्ये रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं होम थिएटरचं यंत्र), मध्ये हा पाइप. मी म्हटलं, थोडा मोठा घाला. तो म्हणाला, "दादा, एकच तर वायर जाणार आहे." मी पिशवीतली एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) काढून त्याच्या हातात दिली. सरळ पाइपात तिचं तोंड कसंबसं शिरलं आणि एल्बोशी, म्हणजे काटकोनी वळणाशी, जे अडकलं ते पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी एल्बो कापून केबल सोडवली. नशीब, सिमेंट अजून भरलं नव्हतं.

माझ्या ठाण्याच्या घरात ते भरलं होतं. २०१४ साली फॉल्स सीलिंगच्या वर १० मीटरची एचडीएमआय टाकून सगळं बंद करून घेतलं. पाच वर्षांनी फोर-के टीव्ही आणला आणि त्या केबलवर चित्र दर दोन मिनिटांनी काळं व्हायला लागलं. केबल ओढून काढायला जागाच ठेवली नव्हती. नव्या रंगावरून पांढरी पट्टी मारून दुसरी केबल न्यावी लागली आणि ती पट्टी आजही डोळ्यांत खुपते. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी सुतार आणि पीओपीवाला येण्याच्या आधी वाचावं.

आधी कागदावर

एका कागदावर हॉलचा आराखडा काढा. दार, बाल्कनीचं सरकतं दार, पॅसेज, सोफा, टीव्हीची भिंत, बोर्ड कुठे आहेत, केबलवाल्याची किंवा डिशची वायर कुठून आत येते, ब्रॉडबँडचा डबा कुठे आहे, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. मग घरातल्या प्रत्येक यंत्रासाठी एक चौकोन काढा: टीव्ही, रिसिव्हर, सेट-टॉप बॉक्स, ओटीटीची स्टिक, ब्लू-रे किंवा गेम खेळण्याचं यंत्र, सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर), राउटर. आता चौकोनांमध्ये रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवर बाण काढायचा. चित्र कुठून कुठे जातं आणि आवाज कुठून कुठे जातो, हे बाणांनी दाखवायचं. आवाजासाठी वेगळ्या रंगाचं पेन घ्या.

हा कागद काढताना एक निर्णय घ्यावाच लागतो आणि बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. यंत्रं जोडायच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत: सगळी यंत्रं रिसिव्हरला जोडायची आणि रिसिव्हरमधून एकच एचडीएमआय वर टीव्हीला न्यायची. चित्र रिसिव्हरमधून आरपार टीव्हीला जातं, आवाज रिसिव्हर ठेवून घेतो. भिंतीतून जाणारी केबल एकच, रिमोटवर इनपुट बदलायचं ते रिसिव्हरचं. रिसिव्हर गेल्या काही वर्षांतला असेल तर मी डोळे झाकून हीच रीत सुचवतो.

दुसरी रीत: सगळी यंत्रं टीव्हीला जोडायची आणि आवाज टीव्हीकडून खाली रिसिव्हरकडे आणायचा. रिसिव्हर जुना असेल, फोर-के सिग्नल किंवा एचडीसीपी २.२ (फोर-के चित्राचं कॉपी-संरक्षण) पुढे पाठवत नसेल, तर दुसरा मार्ग नाही. पण मग सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र, ब्लू-रे अशा तीन-चार एचडीएमआय वर न्याव्या लागतात आणि पाइपची जागा लगेच संपते.

बऱ्याच घरांत शेवटी दोन्हींची सरमिसळ होते. गेमचं यंत्र सेकंदाला १२० फ्रेमचं फोर-के चित्र देणारं आणि रिसिव्हर मात्र एचडीएमआय २.० चा असेल, तर गेमचं यंत्र थेट टीव्हीला आणि बाकीची रिसिव्हरला. म्हणून वर जाणाऱ्या एचडीएमआय किमान दोन धरा.

आर्क आणि ई-आर्क

टीव्हीच्या आतल्याच ॲपवर सिनेमा पाहत असाल तर तो आवाज टीव्हीत तयार होतो. तो रिसिव्हरकडे खाली यायला वाट लागते. ती वाट म्हणजे आर्क. ज्या एचडीएमआय केबलने चित्र वर जातं, तिच्यातूनच आवाज उलट खाली येतो. ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली. ई-आर्क २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं.

दोन्हींत फरक आवाजाच्या दर्जाचा. साध्या आर्कमधून दोन चॅनेलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस येतं. ई-आर्कमधून डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर आणि अनेक चॅनेलचा पीसीएम, म्हणजे काटछाट न केलेला आवाज येतो. दुकानात ई-आर्क नसलेल्या रिसिव्हरला नाक मुरडतात, पण ओटीटी ॲपवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) हा बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बसवलेला असतो आणि तो साध्या आर्कमधूनही येतो, फक्त टीव्हीने तो पुढे पाठवला पाहिजे. ब्लू-रे डिस्क पाहणाऱ्यांना ट्रूएचडी लागतं, पण पहिल्या रीतीने त्यांचा प्लेअर थेट रिसिव्हरलाच जोडलेला असतो. ई-आर्कवाचून खरोखर अडतं ते ब्लू-रे प्लेअर किंवा गेमचं यंत्र टीव्हीला जोडलेलं असताना.

टीव्हीच्या मागे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे दिसतात, पण आर्क एकाच पोर्टवर असतं. त्याच्याजवळ बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी तो पोर्ट शोधा, मोबाइलवर फोटो काढा. रिसिव्हरच्या बाजूलाही 'आउट' लिहिलेल्या ज्या पोर्टवर आर्कचं नाव आहे तोच वापरायचा. टीव्ही लटकवल्यावर भिंतीला गाल लावून टॉर्चच्या उजेडात हे वाचणं फार कठीण जातं.

ऑप्टिकल केबलचं स्थान आता एवढंच, की टीव्ही किंवा रिसिव्हर यांपैकी एकावर आर्क नसेल तर तिच्यावर ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) डॉल्बी डिजिटलपर्यंत काम भागतं. डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही.

एचडीएमआय केबल घेताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२.१' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा यंत्राचा असतो. केबलला असते ती श्रेणी. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, फोर-के ६० फ्रेमला पुरेसं. 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ गिगाबिट, फोर-के १२० आणि आठ-के साठी. या दोन्ही श्रेणींच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येतं असं लेबल असतं. लॅमिंग्टन रोडवर घ्या, गोखले रोडवर घ्या किंवा ऑनलाइन मागवा, लेबल स्कॅन करूनच घ्या. भारी किमतीच्या सोनेरी केबलने चित्र जास्त सुंदर होत नाही. सिग्नल पूर्ण पोहोचतो किंवा चित्रात ठिपके येतात, काळं होतं. तेवढंच.

लांबी हा मात्र खरा प्रश्न. साधी तांब्याची अल्ट्रा हाय स्पीड केबल ३ मीटरपर्यंत निर्धास्त घ्यावी, ५ मीटरला जपून. १८ गिगाबिटची चांगली केबल ५ ते ७ मीटर चालते. त्यापुढे, म्हणजे रिसिव्हर सोफ्याशेजारी किंवा प्रोजेक्टर छताला असेल तर, फायबरची ॲक्टिव्ह केबल लागते. ती एकाच दिशेने चालते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं. उलटी ओढून भिंत बंद केली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. शिवाय ती आर्क किंवा ई-आर्क पाठवते असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं पाहा, नाहीतर चित्र वर जाईल आणि आवाज खाली येणार नाही.

म्हणून शक्यतो रिसिव्हर टीव्हीच्या खालीच ठेवा. २ मीटरच्या केबलमध्ये निम्म्या अडचणी संपतात.

भिंत कसली आहे ते आधी बघा

घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीचं बांधकाम आहे. तिथे भिंती विटांच्या नसतात, सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. अशा भिंतीत, कॉलममध्ये किंवा बीममध्ये झिरी मारायची नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "अर्धा इंचच तर खोदतोय." त्याला तिथेच थांबवा. ओळखायचं कसं? टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी ड्रिल मारताना लाल भुकटी आली तर वीट, हलकी पांढरट आली आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर ब्लॉक, आणि करडी भुकटी येऊन ड्रिल किंचाळायला लागलं तर काँक्रीट. त्याआधी बिल्डरने दिलेला नकाशा बघितला तर उत्तमच. नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंती जास्त सापडतात, पण बीम-कॉलम तिथेही असतातच.

मला स्वतःला झिरीपेक्षा पॅनेल जास्त पटतं. टीव्हीच्या मागे सुताराकडून प्लायचं पॅनेल करून घ्या आणि ते भिंतीपासून दोन इंच पुढे, पट्ट्यांवर ठोकायला सांगा. मागे सबंध उंचीची पोकळी मिळते. टीव्हीच्या मध्यावर एक आणि खाली युनिटच्या आत एक, अशी साधारण अडीच इंच व्यासाची दोन भोकं. केबल कधीही टाका, कधीही काढा. एका पट्टीने पोकळीचे दोन भाग करायचे, एका भागात वीज आणि दुसऱ्यात सिग्नलच्या केबल्स.

झिरीच मारायची असेल तर पाइप किमान ४० एमएमचा घ्या, एल्बो वापरू नका, लांब वळणाचे बेंड वापरा. बंद करताना आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पहिली केबल ओढताना तिच्याबरोबर आणखी एक दोरी ओढायची, म्हणजे पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियनला स्प्रिंग घालत बसावं लागत नाही. विजेची वायर आणि स्पीकरची किंवा सबवूफरची केबल एका पाइपात कधीही नाही. दोन्ही समांतर जात असतील तर फूटभर अंतर, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. टीव्हीसाठी प्लग पॉइंट टीव्हीच्या मागेच काढून घ्या. पॅनेलच्या आत एक्स्टेंशन बोर्ड कोंबून ठेवणं धोक्याचं आहे.

स्पीकरची वायर मोजणं

इथे लोक अंदाजाने वायर आणतात आणि मागच्या उजव्या स्पीकरला दीड फूट कमी पडते. टेप घेऊन बसा, किंवा सुतळी घ्या आणि वायर जिथून जाणार त्याच मार्गाने ती जमिनीवरून, कोपऱ्यातून, वर-खाली धरा. हवेतून अंतर मोजायचं नाही.

मावसभावाचा हॉल १० बाय १६ चा. टीव्ही लांब भिंतीवर, समोर सोफा. समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरला प्रत्येकी ८ फूट, मधल्याला ५. मागच्या डाव्या स्पीकरची वायर स्कर्टिंगवरून जाते: युनिटपासून कोपऱ्यापर्यंत ५, बाजूच्या भिंतीला १०, सोफ्यापर्यंत ३, वर चढायला ४ आणि दोन्ही टोकांना झोल धरून ३, एकूण २५ फूट. उजवीकडे बाल्कनीचं सरकतं दार. खालून वायर नेता येत नाही, म्हणून आधी सरळ सीलिंगला चढायचं. तिथे एकूण ३२ फूट झाले. सगळी मिळून ७८ फूट, म्हणजे जवळजवळ २४ मीटर. आम्ही २८ मीटर आणली आणि दीड मीटर उरली. त्यातच कळलं की झोल कमी धरून चालत नाही.

जाडीचा हिशेब सोपा आहे. वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ३२ फूट म्हणजे १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम, म्हणजे २० मीटरला ०.२४. स्पीकर ८ ओहमचा असेल तर हे ३ टक्के झालं, ठीक. ६ ओहमला ४ टक्के, तेही चालेल. ४ ओहमला मात्र ६ टक्के, तिथे अडीच एमएम घ्या. बाजारात गेजमध्ये मागायची असेल तर १६ गेज दीड एमएमपेक्षा किंचित बारीक आणि १४ गेज अडीचपेक्षा किंचित बारीक. आकडा मोठा तशी वायर बारीक, हे विसरू नका.

स्वस्त वायर बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. वरून तांबूस दिसते. टोक सोलून एक तार नखाने किंवा पात्याने खरवडा, आत चंदेरी निघाली तर परत ठेवा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि वारंवार वाकवली तर तार तुटते. कलई केलेलं तांबंही वरून चंदेरी असतं, पण खरवडल्यावर आत लाल निघतं.

पाम बीच रोडच्या बाजूला किंवा खाडीच्या जवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. खारट दमट हवेत उघडं तांबं काळं-हिरवं पडतं आणि आवाज खरखरायला लागतो. टोकांना बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची पिन) घट्ट बसवा. दोन-तीन वर्षांनी टोक काळं दिसलं तर सेंटिमीटरभर कापून नव्याने सोला. हे करायला झोल ठेवलेला असतोच.

स्पीकर जोडताना लाल टोकाला लाल, काळ्याला काळं. वायरच्या एका बाजूला रेघ किंवा वेगळा रंग असतो, ती बाजू सगळीकडे लालच धरायची. भिंतीतून गेलेल्या वायरीबद्दल शंका असेल तर रिसिव्हरकडचं टोक सोडवलेलं असताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकाला क्षणभर टेकवा. सेलचा धन भाग लाल मानलेल्या तारेला लावल्यावर स्पीकरचा पडदा पुढे उडाला तर जोडणी बरोबर. मागे गेला तर कुठेतरी अदलाबदल झाली आहे. एकच स्पीकर उलटा लागला तरी आवाजातला भारदस्तपणा जातो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देत बसतो.

सबवूफर, वीज आणि गुणगुण

सबवूफरला एकच आरसीए केबल लागते, पण ती चांगल्या जाळीच्या आवरणाची हवी, कारण ती लांब जाते आणि आजूबाजूच्या विजेची गुणगुण उचलते. सबवूफरला स्वतःचा प्लग लागतो, हे नकाशावर लिहायला निम्मे लोक विसरतात.

रिसिव्हर, टीव्ही, सबवूफर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डावरून, शक्यतो एकाच चांगल्या सर्ज प्रोटेक्टरवरून चालवा. अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तरीही 'घुंऽऽ' असा आवाज येत राहिला तर आधी सेट-टॉप बॉक्सची गोल केबल सोडवून बघा. आवाज थांबला तर दोष त्या वायरीत आहे. केबलवाल्याच्या वायरीला आयसोलेटर (ही गुणगुण अडवणारा छोटा जोड) बसवता येतो. डिशच्या वायरीला साधा आयसोलेटर चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच वायरीतून वीज जाते. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

डिशची वायर खिडकीतून आत येत असेल तर बाहेरच्या बाजूला तिला खाली यू आकाराचा झोल द्या. आपल्याकडच्या पावसात पाणी वायरीवरून ओघळत थेट बोर्डापर्यंत येतं. झोल असला की ते बाहेरच ठिबकतं. विजा चमकत असताना ती वायर काढून ठेवलेली बरी.

युनिटच्या बाबतीत सुताराला दोनच गोष्टी सांगा: रिसिव्हरच्या वर किमान ४-५ इंच मोकळी जागा आणि मागची पाटी उघडी. काचेच्या बंद दारामागे रिसिव्हर तापतो.

जोडणी आणि चाचणी

सगळं बंद असताना जोडा. आधी स्पीकर, मग सबवूफर, मग रिसिव्हरच्या आर्क असलेल्या आउटमधून टीव्हीच्या आर्क पोर्टला एचडीएमआय, मग बाकीची यंत्रं, सगळ्यात शेवटी वीज. टीव्ही सुरू झाल्यावर सेटिंगमध्ये तीन ठिकाणी जायचं.

पहिलं, सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना सूचना देतात ती सोय) चालू करा. सॅमसंगवर त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. रिसिव्हरवरही चालू करा. दुसरं, आवाजाचं आउटपुट रिसिव्हरकडे वळवा, डिजिटल आउटपुट 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो'वर ठेवा आणि ई-आर्क असेल तर तेही 'ऑटो' करा. पीसीएम राहिलं तर साध्या आर्कवर पाचही स्पीकर लावून फक्त स्टिरिओ ऐकत बसाल. तिसरं, त्या एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता उघडा. सॅमसंगवर हे 'इनपुट सिग्नल प्लस' नावाने सापडतं, एलजीवर 'डीप कलर', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. बरेच टीव्ही हे बंद ठेवूनच येतात आणि मग लोक केबलला नावं ठेवतात.

ही सगळी चाचणी पीओपी, पॅनेल आणि रंग बंद होण्याआधी करा. टीव्ही खुर्चीवर टेकवून, वायरी लटकत असतानाच एक पूर्ण सिनेमा बघा. पाच मिनिटांत न दिसणारा दोष दोन तासांत दिसतो. रिसिव्हरच्या डिस्प्लेवर कुठला सिग्नल येतोय तेही वाचा.

मग प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून वर पारदर्शक टेप गुंडाळा: 'टीव्ही आर्क', 'मागचा उजवा', 'सब'. झिरी बुजवण्याआधी शेजारी टेप उलगडून धरा आणि भिंतीचा फोटो काढा, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते त्यातच दिसेल. भावाने तो फोटो आणि कागदावरचा आराखडा युनिटच्या दाराच्या आतून चिकटवला. पुढच्याच महिन्यात वहिनींना देवाच्या फोटोसाठी तिथे खिळा मारायचा होता. त्यांनी आधी दार उघडून फोटो बघितला आणि खिळा चार इंच डावीकडे मारला.